चोरबोली: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या जगातील गुप्त संभाषण

सराईच्या कोपऱ्यात दोन अनोळखी माणसे बसली आहेत. एक म्हणतो, ‘नदीकाठच्या गिरणीवर यंदा दोनच कुत्री उरली आहेत, आणि गिरणीवाला लग्नासाठी परगावी गेला आहे.’ दुसरा मान हलवतो आणि दळणाचे भाव विचारतो. शेजारच्या मेजावर बसलेल्या शिपायाला या बोलण्यात काहीच वावगे वाटत नाही. वास्तविक त्याच्यासमोरच एका सरदाराच्या वाड्यावर किती पहारेकरी आहेत आणि मालक घरी नाही, हे सांगून झालेले असते.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, खेळाडू एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचतात अशा खेळात या बोलीला ‘थीव्हज कँट’ म्हणतात. आपण तिला चोरबोली म्हणू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी, एका पुरवणीतून, त्यात चोर हे पात्र आले. याच पात्राचा आजचा अवतार म्हणजे ‘रोग’. हा शब्द देवनागरीत लिहिला की दुखण्याचीच आठवण होते, पण त्याला इलाज नाही.

1978 च्या नियमपुस्तकात चोरबोली ही चोरांची स्वतंत्र भाषा होती. ही कल्पना मुळातच लंगडी होती, कारण भर बाजारात दोन माणसे कोणालाही न कळणाऱ्या भाषेत बोलू लागली, तर सर्वांत आधी संशय त्यांच्यावरच येईल. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने ही चूक सुधारली. चोरबोली ही वेगळी भाषा नसून कोणत्याही भाषेत मिसळता येणारे खास शब्द आणि सूचक अर्थ आहेत, आणि त्यांतून लूट, घरफोडी, फसवणूक अशा चोरांच्या कामाच्या गोष्टींपुरतेच बोलता येते, असे तिने स्पष्ट केले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने त्यात एक मार्मिक भर घातली: जी गोष्ट उघडपणे सांगायला जितका वेळ लागेल, त्याच्या चौपट वेळ ती चोरबोलीत सांगायला लागतो. माझ्या मते या बोलीविषयीचा सर्वांत शहाणा नियम हाच, कारण गुपित लपवायचे तर त्याभोवती साध्या बोलण्याचा पेंढा भरावाच लागतो. 2024 च्या नियमांनी मात्र तिला पुन्हा दुर्मीळ भाषांच्या यादीत नेऊन बसवले आहे.

या कल्पनेचे मूळ इंग्लंडच्या इतिहासात आहे. केंट परगण्यातील थॉमस हार्मन नावाच्या जमीनदाराने दारी येणाऱ्या भटक्यांना खोदून खोदून प्रश्न विचारले, आणि 1567 च्या सुमारास छापलेल्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्यांच्या शब्दांची यादी दिली. त्या यादीत दिवसाला ‘लाइटमन्स’, रात्रीला ‘डार्कमन्स’ आणि घराला ‘केन’ म्हटले आहे. पुढे टॉमस डेकरसारख्या लेखकांनी हेच शब्द उचलले, आणि 1785 मध्ये फ्रान्सिस ग्रोसने बोलभाषेचा कोश काढला तेव्हाही त्यात अशा शब्दांना जागा मिळाली. गंमत अशी की, हे सारे टिपणारे लोक चोर नव्हते. भटक्यांनी हार्मनला खरे किती सांगितले आणि थापा किती मारल्या, हे ताडून पाहण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. शिवाय जो शब्द पुस्तकात छापून आला, तो चोराच्या कामाचा उरला नाही.

खेळाच्या नियमांत चोरबोलीचा शब्दकोश दिलेला नाही, तो बहुधा याच शहाणपणामुळे असावा, असे मानायला मला आवडते. पण त्यामुळे प्रत्यक्ष खेळात तिची उपेक्षाही होते. खेळाडू म्हणतो, ‘मी त्याला चोरबोलीत विचारतो’. डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, म्हणतो, ‘तो हो म्हणाला’. आणि गिरणी, कुत्री, लग्न यांपैकी काहीच न घडता प्रसंग आटोपतो.

तिची खरी गोडी कळते ती खुणांमध्ये. ही जागा धोक्याची आहे, हा भाग चोरांच्या संघाच्या ताब्यात आहे, जवळच घबाड आहे, येथे पळून आलेल्याला आसरा मिळेल, असे छोटे निरोप 2014 च्या नियमांनुसार खुणांनी देता येतात. दाराच्या चौकटीवर एक ओरखडा दिसतो. डन्जन मास्टर एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून ती फक्त रोगच्या हाती देतो. बाकीचे सोबती तो ओरखडा पाहतात आणि दार ढकलायला पुढे होतात. तेवढ्यात रोग ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि दोन पावले मागे सरतो.