पाच लाखांचं कार्ड आणि बारा आठवडे

[दृश्य : म्हापशाचं जिल्हा रुग्णालय. तंबाखूमुक्ती कक्ष. टेबलावर लहानसं यंत्र.]

"काका, खोल श्वास घ्या. पंधरा मोजेपर्यंत धरा. आता हळूहळू सोडा, पूर्ण सोडा."

मुठीत मावेल एवढं यंत्र. त्याला पुठ्ठ्याची तोटी, प्रत्येकाला नवी. फुप्फुसातून आलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड किती, ते पडद्यावर उमटतं. आकडा दहाच्या वर गेला की माणूस ओढणारा. इथे बावीस आलाय. सकाळच्या चहाबरोबरची विडी आहे ती. उद्या या वेळेपर्यंत एकही ओढली नाही, तर हा आकडा न ओढणाऱ्याच्या जवळपास येईल. वय सत्तर असलं तरीही. समुपदेशक म्हणूनच आधी यंत्र हातात देतात आणि बोलायला नंतर बसतात.

[दृश्य : डिचोली बाजार. गाड्यावर विड्यांची बंडलं.]

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखूचं प्रमाण देशात सर्वांत कमी आढळलं ते गोव्यात, ९.७ टक्के. सार्वजनिक ठिकाणी ओढण्या-थुंकण्याविरुद्ध गोव्याने १९९७ साली स्वतःचा कायदा केला, केंद्राच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी. पण आज सत्तरीत असलेल्यांची विडी त्या कायद्याहून जुनी आहे. आणि साठीपुढच्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण गोव्यात देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त.

[दृश्य : कार्ड काढण्याचा टेबल. अंगठा यंत्रावर. पुन्हा अंगठा. पुन्हा.]

हे केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य विम्याचं वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. घरात दोघेही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. वय आधारवर असेल तेच धरतात.

शेतात, होडीवर, खाणीवर गेलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. तीनदा अंगठा नाकारला म्हणून माघारी फिरू नका. ओटीपी चालतो, मात्र आधारला जोडलेला मोबाइल चालू असायला हवा. डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. तसं करून द्या, असं टेबलावरच्या माणसाला स्पष्ट सांगा. मदतीचा क्रमांक १४५५५.

सत्तरीच्या आतल्यांसाठी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख.

आता अडचणीची गोष्ट. ही दोन्ही कार्डं रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. बायपास होते, कर्करोगाची शस्त्रक्रिया होते. वय वंदनात दाखल होण्याआधीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवसही धरलेले आहेत. पण विडी सोडायला माणूस दाखल होत नाही. तो ओपीडीत येतो, बारा आठवडे येत राहतो. ते बारा आठवडे कोणत्याच कार्डात बसत नाहीत.

खासगी पॉलिसी काढून बघा. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'एक्सल१२' हे कलम शोधा. दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम, असं ते कलम आहे. ओपीडीचा रायडर, म्हणजे ओपीडीच्या खर्चासाठी पॉलिसीला जोडलेलं जादा कवच, घेतला असेल तर हे कलम त्यालाही लागतं का, हे कंपनीला ईमेलवर विचारा. एजंटाच्या तोंडी होकारावर थांबू नका.

पासष्टीनंतर पॉलिसी मिळत नाही, हे आता खरं नाही. १ एप्रिल २०२४ पासून इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या नियामक संस्थेने, ती वयाची मर्यादा काढली. पण प्रस्तावाच्या अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो आणि अर्ज बहुतेक वेळा एजंट भरतो. तिथे 'नाही' लिहिलं आणि उद्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी 'चाळीस वर्षांपासून धूम्रपान' असं लिहिलं, की क्लेम तिथेच अडकतो. माहिती लपवली हे कारण. सलग साठ महिने हप्ते भरल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला ते उकरून काढता येत नाही, त्याआधी येतं. पॉलिसी हातात आली की तीस दिवसांत अर्जाची प्रत वाचा. चूक असेल तर लेखी कळवा.

अमेरिकेत पासष्टीनंतरच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, तंबाखू सोडण्यासाठी वर्षाला आठ समुपदेशन भेटी मिळतात. त्यासाठी आधी आजार जडलेला असावा, ही अटही २०१० साली गेली. आपल्याकडे पाच लाखांच्या कार्डात या भेटी आणि विडी सोडवणारी औषधं घालायला हवीत. एका बायपासच्या खर्चात किती जणांचे बारा आठवडे निघतील!

[दृश्य : ओपीडीतलं टेबल. पाकिटातून गम काढणारी बोटं.]

तोवर रस्ता सरकारी ओपीडीचा. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनची पर्यायी औषधं, म्हणजे विडीऐवजी अंगाला थोडं निकोटिन पुरवणारी औषधं, आली आहेत, त्यामुळे ती नाव घेऊन मागा.

पहिला प्रश्न असतो, उठल्यावर पहिली विडी किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर चार मिलिग्रॅमचा निकोटिन गम, नाहीतर दोनचा. चार मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. सगळे मिळून साडेपाचशेच्या आसपास. विकत घ्यायचे तर पेन्शनमधून जातात, म्हणून बहुतेक जण दिवसाला तीन-चारवर भागवतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विडी पेटवतात. औषध कमी पडलेलं असतं आणि दोष जिद्दीला दिला जातो.

चघळायची पद्धत वेगळी आहे. हे बघा. हळू चावा, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा, गम गालात दाबून ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. अर्धा तास असंच. साध्या च्युइंग गमसारखा भराभर चावला तर निकोटिन पोटात जातं, उचक्या येतात, जळजळतं. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, कॉफी नाही, सोलकढीही नाही. आंबटात निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही.

कवळी असेल तर गम तिला चिकटतो. अशांना निकोटिनची चघळायची गोळी किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी, म्हणजे पॅच. पॅच रोज नव्या जागी, केस नसलेल्या कातडीवर. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा.

विडी सोडायला निकोटिन नसलेल्या गोळ्याही आहेत. डॉक्टर त्यातली व्हॅरेनिक्लिन देत असतील तर मूत्रपिंडाची तपासणी आधी झाली का, ते विचारा. बुप्रोपिऑन असेल तर पूर्वी कधी झटके आले होते का, ते सांगा.

आणि दम्याच्या जुन्या रुग्णांसाठी, हे फार महत्त्वाचं. थिओफिलिन चालू असेल तर विडी सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. विडीच्या धुरामुळे यकृत ते औषध लवकर संपवतं. धूर थांबला की तीच गोळी अंगात जास्त साचते. छातीत धडधडतं, हात कापतात, मळमळतं. घरचे म्हणतात, विडी सोडली म्हणूनच हे झालं, आणि एक पेटवून देतात. खरं तर मात्रा कमी करायची असते. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनीही याच काळात तपासणी लवकर करून घ्यावी.

साठीत सोडली तरी सरासरी तीनेक वर्षं आयुष्य वाढतं.

[दृश्य : तंबाखूच्या पाकिटावरचा क्रमांक, अगदी जवळून. सुरकुतलेलं बोट एकेक आकड्यावर.]

१८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन. सकाळी आठ ते रात्री आठ, फोन फुकट. सोमवारी बंद. पहिल्याच फोनवर सोडायची तारीख विचारतील, तेव्हा कॅलेंडर शेजारी घेऊन बसा. गणपतीचे आणि जत्रेचे दिवस सोडून तारीख धरा.