आधी मेडिकल, मग फी

नमस्कार श्रोतेहो. बारावीचा निकाल लागला की नागपुरात दोन-चार घरांत तरी पायलट व्हायचा विषय निघतो. पोरगी युट्यूबवर कॉकपिट बघत असते आणि वडील बेसा-मनीषनगरकडच्या प्लॉटला काय भाव येईल याची चौकशी करत असतात. वडिलांना माझं सांगणं एवढंच, प्लॉट राहू द्या. आधी डॉक्टर गाठा.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. त्याच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिली वैद्यकीय तपासणी होते आणि त्यानंतर क्लास वन. पगारी पायलट व्हायला जे कमर्शियल लायसन्स लागतं, त्याला क्लास वनच हवं. चष्मा असला तरी चालतो, पण रंगांची ओळख पक्की हवी. रंगीत ठिपक्यांची पाटी समोर धरतात, त्यात लपलेला आकडा वाचायचा. हिरवा-लाल गोंधळ अनेकांना त्या खुर्चीतच पहिल्यांदा कळतो. तोवर फीचा हप्ता गेलेला असेल, तर बोलायलाच नको.

बारावीला फिजिक्स, मॅथ्स नसेल तर ते विषय ओपन स्कूलमधून देता येतात. मग लायसन्सचे पेपर: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन, टेक्निकल. यांना पास व्हायला ७० टक्के लागतात. अभ्यास घरी बसून, क्लास लावून, कसाही करा. मेटिऑरॉलॉजी तर नागपूरच्या पोराला सोपं जावं! मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमान धावपट्टी जास्त खातं. पुस्तकातला हा धडा आपण दरवर्षी अंगावर घेतो.

उड्डाणाचे तास लागतात २००. त्यासाठी लांब जायलाच हवं असं नाही, आपल्या गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था आहे. कुठेही जा, पण माहितीपत्रकातले फोटो बघून भुलू नका. आज उडू शकणारी विमानं किती, शिकवणारे किती, रांगेत पोरं किती, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा. विमान दुरुस्तीला उभं राहिलं की वर्षाचा कोर्स दोन वर्षांवर जातो, आणि खोलीभाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. सगळी फी एकरकमी मागणाऱ्याला तर मी हातच जोडीन.

खर्च लायसन्सवर संपत नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवायचं प्रशिक्षण, वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे. तेव्हा बँकेत कर्जाचा अर्ज भरताना तो आकडाही पहिल्याच दिवशी धरा. नोकरी लागते ती फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची. कॅप्टनच्या खुर्चीसाठी एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, ते उड्डाणाच्या १५०० तासांनंतरच मिळतं.