खिडक्या बदलताना आधी पाण्याचा विचार

श्रोतेहो, नमस्कार.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरांत अजून लोखंडी झेड सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी ‘Z’ आकाराच्या पट्ट्यांच्या, किंवा सागवानी खिडक्या दिसतात. लोखंड तळाशी गंजून फुगतं, लाकूड पावसाळ्यात अडकून बसतं, आणि कधीतरी घरात ठरतं की यंदा खिडक्या बदलून टाकू. दुकानात गेल्यावर मात्र बोलणं सुरू होतं ते काचेवर आणि रंगावर. मुंबईत, ठाण्यात किंवा कोकणपट्टीत राहणाऱ्यांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे : काच नंतर निवडा. झडीचं पाणी ही खिडकी कशी अडवणार आणि आत आलेलं पाणी कुठून बाहेर सोडणार, हे फॅब्रिकेटरला, म्हणजे खिडकी बनवणाऱ्याला, आधी विचारा.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. काचेवरून ओघळलेलं पाणी तिथे साचतं आणि भोकांवाटे बाहेर पडतं. वारा जोरात असला की तो पाण्याला आत ढकलतो. ताशी ६५ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब साधारण २०० पास्कल, म्हणजे २० मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका. तुमच्या ट्रॅकची आतली कड २० मिलिमीटरच असेल, तर असा वारा टिकून राहिल्यावर पाणी कडेवरून सरळ खोलीत उतरेल. त्यात कारागिराची चूक नसते, सेक्शनच, म्हणजे चौकटीची पट्टीच, तोकडी असते. म्हणून नमुन्याच्या तुकड्यावर टेप लावून आतली कड मोजा. बाहेरच्या कडेपेक्षा ती जितकी उंच, तितकं चांगलं. पाणी जायची भोकं गोल आणि बारीक असली तर पाण्याचा थेंबच त्यांत अडकून बसतो. साधारण ५ मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर लांब अशा चिरा मागा, दोन्ही टोकांजवळ एकेक तरी हवीच. फिटिंगनंतर त्या पांढऱ्या सिमेंटने किंवा रंगाने बुजल्या नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा.

पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला तोंड असलेल्या, वर छज्जा नसलेल्या खिडकीला बिजागरीचं, म्हणजे केसमेंट शटर घ्यावं. ते बंद करताना रबरी गास्केट चारी बाजूंनी दाबलं जातं, त्यामुळे झड आणि रस्त्यावरचा आवाज दोन्ही स्लायडिंगपेक्षा खूपच चांगले अडतात. स्लायडिंगमध्ये तिथे नुसता ब्रश असतो. अडचण येते ती ग्रिलची. बाहेर बॉक्स ग्रिल असेल आणि शटर फिरायला पुरेशी जागा नसेल, तर ते आत उघडणारं घ्यावं लागतं आणि पडद्याची, पलंगाची जागा आधी बघावी लागते. आडोशाच्या बाजूला, गॅलरीत उघडणाऱ्या खिडकीला स्लायडिंग अगदी योग्य. सगळ्या घराला एकच प्रकार लावण्याचा हट्ट कशाला?

हवेचा हिशेबही इथेच करायचा. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट प्रदेशासाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक षष्ठांश धरलेलं आहे. पावणेअकरा चौरस मीटरच्या खोलीला दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटरला थोडी कमी उंच अशी एक खिडकी तेवढी भरते. जुनी लाकडी दारं सताड उघडत, पूर्ण हवा यायची. तिथे दोन ट्रॅकची स्लायडिंग बसवली की कधीही अर्धीच उघडी राहते. तीन ट्रॅकवर तीन काचेची शटरं घेतली तर दोन तृतीयांश उघडते. तिसरा ट्रॅक जाळीला दिला, तर पुन्हा अर्ध्यावर आलो. दुपारी घरात कोंदट होतं ते बऱ्याचदा यामुळे.

साहित्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम घेताना सेक्शनच्या भिंतीची जाडी आणि वजन लेखी मागा. समुद्राजवळ पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉनचं हवं. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच हव्यात. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू मारले तर खाऱ्या हवेत त्या जोडापासूनच खिडकी खराब होते. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, खारी हवा सोसतं, पण त्याच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी हवी. ती गाळली की दर कमी होतो आणि मोठं शटर काही वर्षांत खाली बसतं. स्लायडिंगमध्ये मधला इंटरलॉक, म्हणजे दोन शटरं एकमेकांत अडकतात ती उभी पट्टी, कमकुवत असला तर वाऱ्यात शटर वाकतं. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. उंची आणि परिसरानुसार तो बदलतो, पण नुसत्या ४४ मीटरचा दाबसुद्धा चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास जातो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी इंटरलॉकवर पैसे वाचवू नयेत.

आता जुनी चौकट ठेवायची की काढायची? लाकडी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज रुतलं तर वाळवी नाहीतर कुज आहे, चौकट काढाच. लाकूड टणक असेल तर आत नवी चौकट बसवता येते, गिलावा फुटत नाही, पण चारी बाजूंनी काच लहान होते. लोखंडी चौकट मात्र कधीही आत ठेवू नका. नव्या खिडकीमागे गंज चढतच राहतो आणि फुगून गिलावा फोडतो. ती हातोड्याने ठोकून काढू नये. ग्राइंडरने मधोमध कापून आतल्या बाजूला ओढावी. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत थोडे खोल कापावेत आणि वर पॉलिमर मिसळलेलं सिमेंट मॉर्टर भरावं.

मापं घेताना रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी. त्यातलं सर्वांत लहान माप धरून १० मिलिमीटर वजा करा. दोन्ही कर्ण मोजा. त्यांत ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर आधी गिलाव्याने काटकोन करून घ्या, कारण टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच एकदा तयार झाली की कापता किंवा घासता येत नाही. वजा केलेली जागा वाया जात नाही. दीड मीटर लांबीचं यूपीव्हीसी ३० अंश तापमानाच्या फरकाने जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतं. या वाढीला जागाच ठेवली नाही तर चौकट वाकते आणि शटर अडतं.

तळाचा दगड, ग्रॅनाइट असो की कडाप्पा, बाहेर उतरता हवा : दीडशे मिलिमीटरला १० मिलिमीटर उतार. तो भिंतीबाहेर ३०-४० मिलिमीटर यावा आणि त्याच्या खालच्या अंगाला खाच असावी, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाली ठिबकतं. चौकट बसवताना पाणसळ आणि ओळंबा लावा. खालच्या ट्रॅकला आरपार स्क्रू मारायची सवय बऱ्याच कारागिरांना असते. टाळता आलं तर उत्तमच. मारलाच तर स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन हवंच. नाहीतर ट्रॅकमधलं पाणी त्या भोकातून भिंतीत शिरतं, आणि खालच्या खोलीत ओल आली की आपण छताला दोष देत बसतो.

चौकट आणि भिंतीमधली फट पांढऱ्या सिमेंटने भरू नये, त्याला पहिल्याच उन्हाळ्यात भेग पडते. आत फोमची दोरी, बाहेरून न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, सिलिकॉन. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते सिमेंटला नीट धरत नाही आणि संगमरवरावर डाग पाडतं. भिंत कोरडी आणि धूळ पुसलेली हवी, म्हणून हे काम मेच्या मध्यापर्यंत उरका.

काचेचं फार अवघड नाही. रस्त्याचा आवाज असेल तर लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली. एसी बराच वेळ चालत असेल आणि पश्चिमेचं ऊन येत असेल तर सोलर कंट्रोलची, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारी, दुहेरी काच. एसी नसलेल्या, दिवसभर उघड्या राहणाऱ्या खिडकीला दुहेरी काचेचा खर्च वसूल होत नाही. बाहेरचं रूप बदलणार असेल तर सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू होण्याआधी घ्या. ग्रिलचा एक भाग आतून उघडणारा ठेवा, आगीच्या वेळी तोच रस्ता असतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. तळमजल्यावर किंवा गॅलरीत बाहेरून नळीने पाणी मारता येईल. सुरुवात तळाच्या दगडाच्या जोडापासून करा, तिथे पाच मिनिटं, मग ट्रॅक, मग बाजू, सर्वांत शेवटी वरची पट्टी. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि गळती कुठली ते कळत नाही. उंच मजल्यावर निदान ट्रॅकमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओता. ते बाहेर न जाता तुंबलं, तर कारागीर घरात असतानाच भोकं मोठी करून घ्या.