लायसन्स निलंबित, ऑफिस चालू

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय घराघरात दबक्या आवाजात बोलला जातो. पार्टीहून परतताना पोलिसांनी थांबवलं, दारू निघाली, लायसन्स गेलं. सोमवारी ऑफिसला जायचं कसं? मी सांगतोय ते कॅलिफोर्नियाचं आणि एकवीस वर्षांवरच्या माणसाच्या पहिल्याच गुन्ह्याचं, ज्यात कुणाला इजा झालेली नाही. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथले नियम बघा.

पोलीस लायसन्स काढून घेतात आणि गुलाबी कागद हातात देतात. तो तीस दिवस तात्पुरतं लायसन्स म्हणून चालतो. डीएमव्हीकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या वाहन खात्याकडे, सुनावणी मागायची मुदत मात्र दहाच दिवस. पुन्हा सांगतो, कागद तीस दिवसांचा, सुनावणीची मुदत दहा दिवसांची. बरेच जण कागदावरचा तीसचा आकडा बघून निवांत राहतात.

रक्तातल्या दारूचं प्रमाण ०.०८ टक्के किंवा जास्त भरलं तर निलंबन चार महिन्यांचं. चाचणीलाच नकार दिलात तर एक वर्षाचं. कोर्टाचा खटला वेगळा, त्याची शिक्षा वेगळी. आणि 'माझ्याकडे भारतातलं लायसन्स आहे' हे इथे चालत नाही. कॅलिफोर्नियात गाडी चालवायलाच मनाई असते, मग खिशात कार्ड कुठलंही असो. तरीही चालवताना सापडलात तर तुरुंगही होऊ शकतो.

आता चाचणी दिलेल्यांसाठी वाटा दोन. पहिली, तीस दिवस गाडीला हात लावायचा नाही, मग पाच महिने फक्त कामासाठी आणि डीयूआयच्या, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लागणाऱ्या, वर्गाला जाण्यायेण्यासाठी चालवायची. मुलांची शाळा, पटेल ब्रदर्समधला किराणा, गणपतीची आरती, यातलं काहीही त्यात बसत नाही. दुसरी, गाडीत इग्निशन इंटरलॉक, म्हणजे श्वासातली दारू तपासणारं यंत्र, बसवायचं. मग तीस दिवस थांबावं लागत नाही आणि कुठेही जाता येतं. कुटुंबवाल्यांनी दुसरीच घ्यावी असं माझं मत.

दोन्हीकडे लागतं ते असं: डीयूआय वर्गात नाव घातल्याचा दाखला, विमा कंपनीकडून एसआर-२२, म्हणजे गाडीचा विमा असल्याचा दाखला, आणि १२५ डॉलर फी. यंत्र घेतलंत तर ते बसवल्याचा डीएल ९२० हा फॉर्मही. सगळं डीएमव्हीत पोचून परवाना मिळेपर्यंत तुम्ही निलंबितच. कागद पाठवले म्हणून गाडी काढू नका.

या यंत्रात फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि वाटेतही ते मधूनच फुंकर मागतं. ०.०३ टक्क्याला ते अडवतं. सनीव्हेलमधल्या एका गृहस्थांचा किस्सा सांगतो, नाव राहू दे. आई साताऱ्याहून आल्या होत्या. शनिवारी पुरणपोळीचं जेवण झालं. आईंनी बॅगेतली द्राक्षासवाची बाटली काढली. "घे रे दोन चमचे, पोट हलकं होईल." आईला नाही कोण म्हणणार? घेतलं आणि तसेच निघाले. कुठे, तर डीयूआयच्या वर्गाला! फुंकर मारली, फेल. घाबरून यंत्राने परवानगी देताच पुन्हा मारली, पुन्हा फेल. यंत्राने गाडी काही काळ बंदच करून टाकली. साताऱ्याहून पुण्याला कधीही एसटी मिळते, इथे जगातल्या बड्या कंपन्यांच्या दारात शनिवारी बसची वाट बघत बसा. असो. वर्ग हुकला. आई खाली येऊन म्हणाल्या, "अरे, ते औषध आहे, दारू कसली?" सुनेने बाटली उलटी केली. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं, सेल्फ जनरेटेड अल्कोहोल. आसव आंबवूनच करतात, अल्कोहोल त्यातच तयार होतं.

दोन चमच्यांनी रक्तात विशेष काही चढत नाही. दारू असते ती तोंडात, पण यंत्राला त्यातला फरक कळत नाही. म्हणून आधी पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा आणि मगच फुंका. चूळ, पंधरा मिनिटं, मग फुंकर. फेलपाठोपाठ पासची नोंद झाली की ती तोंडातली दारू होती हे दाखवता येतं. लगेच दोनदा फुंकलं तर नोंदीत नुसते दोन फेल राहतात. माउथवॉश, कफ सिरप, होमिओपॅथीचे थेंब, सगळ्यांना हेच लागू.

यंत्राची तपासणी दर साठ दिवसांनी असते, ती चुकवू नका. एसआर-२२ तीन वर्षं चालू ठेवावा लागतो. विम्याचा हप्ता थकून पॉलिसी रद्द झाली की कंपनी डीएमव्हीला कळवते आणि लायसन्स पुन्हा निलंबित होतं.

एच-१बीवाल्यांसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांसाठी, एक गोष्ट. नुसत्या अटकेवरूनही पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. त्याने इथला मुक्काम लगेच संपत नाही, पण भारतात गेलात की परत येताना मुंबईत नवा शिक्का घ्यावा लागतो आणि त्याआधी ठरलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवू शकतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.