एकट्या फुटबॉलसाठी

मित्रहो, अमेरिकेत विद्यापीठांचे संघ आपापल्या गटात खेळतात. त्या गटाला तिथे कॉन्फरन्स म्हणतात. सामने एकमेकांच्या मैदानांवर होतात, त्यामुळे गट जितका जवळजवळचा, तितकी मुलांची दगदग कमी. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा असा गट १९१५ साली उभा राहिला. पॅक-१२ या नावाने आपण तो ओळखतो. लॉस एंजेलिसचं यूसीएलए त्यातलं जुनं विद्यापीठ.

३० जून २०२२ रोजी यूसीएलए आणि त्याच शहरातलं यूएससी यांनी जाहीर केलं, की २०२४ पासून आम्ही बिग टेनमध्ये जाणार. बिग टेन हा मुळात मिशिगन, ओहायो, इलिनॉयकडचा गट. आता त्यात पार न्यू जर्सीचं रटगर्ससुद्धा आहे. लॉस एंजेलिसहून तिथे जायचं म्हणजे मुंबई-कोलकात्याच्या दुपटीहून जास्त अंतर, पाच तासांचं विमान आणि तीन तास पुढे असलेलं घड्याळ.

हे कशासाठी? पैशासाठी, आणि ते लपवण्यासारखं नाही. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तीन वर्षांची तूट दहा कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही वाहिन्यांशी सामने दाखवण्याचा सात वर्षांचा करार केला, तो सात अब्ज डॉलरच्या पुढचा असल्याच्या बातम्या आल्या. विद्यापीठाचं म्हणणं होतं, की हा पैसा आला नाही तर काही खेळ बंद करावे लागतील. ज्या संस्थेने शंभराहून जास्त राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तिने हे म्हणावं, तेव्हा अडचण खरी असते. मी तिला हावरट म्हणणार नाही.

पण वाहिन्यांनी पैसा मोजला तो मुख्यतः फुटबॉलसाठी, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलसाठी. फुटबॉलचा संघ बहुतेक शनिवारी खेळतो आणि बाहेरगावी साधारण पंधरवड्यातून एकदा जातो. सॉफ्टबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉलच्या मुलींचं तसं नाही. त्यांचे सामने जास्त, कधी आठवड्याच्या मधल्या दिवशी. रात्री उशिरा परतायचं आणि सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभं राहायचं. फुटबॉलच्या करारापायी ही धावपळ त्यांच्या वाट्याला का?

यूसीएलए सरकारी विद्यापीठ, म्हणून प्रश्न रीजंट्स म्हणजे नियामक मंडळापुढे गेला. घोषणा आधीच झाली होती, चर्चा नंतर. हा क्रम मला आजही खटकतो. डिसेंबर २०२२ मध्ये मंडळाने मंजुरी दिली, पण खेळाडूंच्या जेवणाची आणि अभ्यासाला मदतीची सोय वाढवा, अशी अट घातली. पॅक-१२ मध्ये मागे राहिलेल्या बर्कलीला, म्हणजे याच मंडळाखालच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला, यूसीएलएने भरपाई द्यावी, हेही ठरलं. पुढे ती रक्कम तीन वर्षं वर्षाला एक कोटी डॉलर अशी निश्चित झाली. एकाच राज्याच्या दोन भावंड विद्यापीठांवर अशी वेळ आली.

पुढचं सगळं भराभर झालं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच विद्यापीठांनी पॅक-१२ सोडलं. सप्टेंबर उजाडला तेव्हा स्टॅनफर्ड आणि बर्कली, दोन्ही पॅसिफिककाठची, अटलांटिक किनाऱ्याच्या गटात निघाली होती. ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच उरली.

दुसरा मार्ग नव्हता, असं मला सांगितलं जातं. इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाकडे बघा. त्यांचं फुटबॉल कुठल्याही गटात नाही, बाकीचे बहुतेक खेळ २०१३ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात आहेत. खुद्द यूसीएलएचे पुरुषांचे व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलोचे संघ आजही पश्चिमेकडच्या वेगळ्या संघटनेत खेळतात. खेळाप्रमाणे गट वेगळा ठेवता येतो, हे तिथल्याच व्यवस्थेत सिद्ध झालेलं आहे. फुटबॉल खुशाल बिग टेनमध्ये जाऊ द्या, मिळालेल्या पैशातून तूट भरा. सॉफ्टबॉलच्या मुलींना मात्र त्यांच्या किनाऱ्यावरच खेळू द्या. आपली मुलं ज्या विद्यापीठांत शिकतात, तिथे उद्या असा प्रस्ताव आला, तर पालक म्हणून सर्वांत आधी हीच मागणी करा, आणि ती घोषणेच्या आधी करा.