काळ्या बेदाण्याचा गार चहा

नमस्कार श्रोतेहो. दुपारची वेळ आहे, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि तुमच्यापैकी कित्येकांनी आत्ताच फ्रिज उघडून प्यायला काय आहे ते पाहिलं असेल. आज आपण बोलणार आहोत फळांच्या गार चहाबद्दल. आइस टी म्हणा हवं तर. पण साखरेचा एक दाणाही न घालता केलेला. पुन्हा सांगते, साखर नाही. गोडी फक्त फळाची.

गार चहा म्हटलं की सेंट लुइसची गोष्ट हमखास सांगतात. १९०४ साली अमेरिकेत तिथं मोठं प्रदर्शन भरलं होतं. भारतातल्या चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडेन तिथं गेले होते. उन्हाळा एवढा की गरम चहाकडे कुणी वळेना, म्हणून त्यांनी तो बर्फावर ओतून दिला आणि लोकांची झुंबड उडाली. खरं तर अमेरिकेत गार चहा त्याआधीच माहीत होता; १८७० च्या दशकातल्या पाककृतींमध्येही तो सापडतो. पण तो घरोघरी पोचला त्यात आपल्याकडच्या चहाचा वाटा होता, याचा मला आनंद वाटतो.

मी मात्र गार चहा शिकले ते तासगाव तालुक्यात, माझ्या मावशीच्या बेदाण्याच्या शेडवर.

अकरा वर्षं झाली. एप्रिलचा पहिला आठवडा होता. तुम्हाला माहीतच आहे, तासगावची द्राक्षं म्हणजे काय ते. थॉमसन, सोनाका, आणि गावाचंच नाव घेऊन आलेली तास-ए-गणेश. खायला जाणारा माल गेला की उरलेल्या द्राक्षांचा बेदाणा करतात. लवकर वाळावेत म्हणून घड रसायनाच्या द्रावणात बुडवायचे, शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे, आणि पंधरा-एक दिवस वाऱ्यावर सोडायचे. चार किलो द्राक्षांतून साधारण किलोभर बेदाणा निघतो. चार किलोतून एक! म्हणजे ती सगळी गोडी तेवढ्यात कोंडलेली.

त्या वर्षी द्राक्षं रॅकवर असतानाच अवकाळी पाऊस झाला. शेडला ताडपत्र्या लावल्या होत्या, पण वारा आडवा. माल ओलावला आणि काळा पडला. मी पोचले तेव्हा मावशी शेडच्या सावलीत बायकांबरोबर बेदाणा निवडत बसली होती. या निवडणाऱ्या बायकांबद्दल एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दिवसभर मांडी घालून बसतात, गप्पा चालू, नजर दुसरीकडे, आणि बोटं मात्र बरोबर काडी आणि खडा बाजूला काढतात. एवढं कसब ज्या हातांत आहे त्यांना मजुरी देताना मालकानं घासाघीस करू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि मी ते मावशीलाही तिथंच सांगितलं होतं.

असो. मावशीनं मला पाहिलं आणि उठलीच. "पोरी, उन्हाची आलीस, आधी घोटभर पी." माठाखालच्या ओल्या वाळूत एक कळशी रोवून ठेवली होती, वर ओलं फडकं. फ्रिज होता घरात, पण दिवसा वीज कुठे असायची! कळशीतून तिनं स्टीलच्या पेल्यात काहीतरी लालसर, काळपट ओतलं. मी कोकम सरबत समजून घोट घेतला. तर आधी लागला चहा, मग लिंबू, आणि मागून हळूच एक खोल गोडी. साखरेसारखी जिभेच्या टोकावर बसणारी नव्हे, घशात उतरल्यावर कळणारी. मी दुसरा पेला मागितला.

तेवढ्यात मोटारसायकलवरून व्यापारी आला. माल बघायला. त्यानं मूठभर बेदाणा तळहातावर घेतला, उन्हात धरला आणि मान हलवली.

"काकी, माल काळा पडलाय. याला दर न्हाई."

मावशी म्हणाली, "चव बघितलीसा का?"

"चव कोण बघतंय काकी? बाजारात डोळा बघतोय."

मावशी काही बोलली नाही. आत गेली, पेला भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या संपवला. दुसरा दिला, तो बसून प्यायला. तिसरा मात्र त्यानं स्वतः मागितला! मग विचारलं, "काकी, गूळ घातलाय का ह्यात? पण गुळाचा वास तर येत न्हाई."

मावशीनं त्याच्याच समोरचं सूप उचललं, काळ्या बेदाण्याचं, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "ह्यो घातलाय. तुमचा दर नसलेला."

निवडणाऱ्या बायका सगळ्या थांबल्या. व्यापारी दोन क्षण त्या सुपाकडे बघत राहिला, आणि मग मनापासून हसला. दर त्यानं वाढवला नाही, हेही सांगते, कारण बाजार त्याच्या एकट्याच्या हातात नव्हता. पण जाताना दहा किलो बेदाणा स्वतःच्या घरासाठी रोख पैसे मोजून घेऊन गेला. मावशीनं त्या पैशातल्या पहिल्या नोटा निवडणाऱ्या बायकांना चहा-भजी आणायला दिल्या. आणि पुढच्या वर्षी तोच माणूस एप्रिलमध्ये आला, तर माल बघायच्या आधी म्हणाला, "काकी, कळशी भरलीया न्हवं?"

श्रोतेहो, हिरवागार बेदाणा दिसायला सुरेख, पण तो रंग टिकवायला बऱ्याचदा गंधकाची धुरी देतात. सणाला, पाहुण्याला हिरवाच हवा असतो, आणि गोडीत जराही कमी नसलेला काळपट माल स्वस्तात जातो. चहासाठी तोच घ्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "काळा बेदाणा द्या, रंग चालेल." फळवाल्याकडेही तेच करा. डाग पडलेली स्ट्रॉबेरी, घडातून गळलेली सुटी द्राक्षं, देठाशी मऊ झालेला आंबा. सडका नव्हे हं, मऊ. फळ पिकून मऊ झालं की गोडी पुरती भरलेली असते.

आता कृती. कागद-पेन्सिल घ्या, पण फार लिहायचं नाही.

काळा बेदाणा मोठी वाटीभर, साधारण १०० ग्रॅम. तीन पाण्यांतून चोळून धुवा. हे धुणं टाळू नका, कारण वाळवतानाचं द्रावण वरच्या सालीवर राहिलेलं असतं. तीन पाणी, लक्षात ठेवा. मग दीड पेला पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. सकाळी त्याच पाण्यासकट मिक्सरला लावा आणि सुती फडक्यातून पिळून घ्या. झाली तुमची साखर.

चहा करायचा लिटरभर. पानांचा चहा चार छोटे चमचे. नेहमीची बारीक पावडर असेल तर तीन पुरे. अर्धा लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, मग चहा घाला, झाका, चार मिनिटं. चहा उकळायचा नाही. पुन्हा सांगते, या चहाला उकळी नाही. दुधाच्या चहाला आपण खळखळ उकळी देतो ते दूध सगळं सांभाळून घेतं म्हणून. इथं दूध नाही, कडूपणा उघडा पडतो. गाळा, उरलेलं अर्धा लिटर गार पाणी घाला.

फ्रिजमध्ये ठेवल्यावर कधी कधी हा चहा गढूळ दिसतो. बिघडलेला नसतो. चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं गार झाल्यावर एकमेकांना धरतात, म्हणून तसं दिसतं. चहा जितका कडक, तितका गढूळ. अगदी नितळ हवा असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात चहापत्ती रात्रभर फ्रिजमध्येच भिजवा आणि सकाळी गाळा. कडूपणाही कमी उतरतो.

मग चहात बेदाण्याचं पाणी, एका लिंबाचा रस, आणि हंगामाचं फळ. लिंबानं रंग एकदम उजळतो, मुलांना ते बघायला फार आवडतं. सध्या द्राक्षं आणि आंबा, जूनमध्ये जांभूळ, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि नागपूरचं संत्रं. संत्र्याच्या बिया आणि पांढरे धागे काढा, नाहीतर कडू होतं. आंबा घालणार असाल तर बेदाणा निम्मा करा. केळं आणि चिकू नको. चहा चिखलासारखा होतो.

लग्नाच्या हॉलमध्ये दारातच ते निळे-हिरवे पेले पुढे करतात ना, त्याऐवजी कुणीतरी हा चहा ठेवावा असं मला प्रत्येक लग्नात वाटतं. माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही ठेवला, आणि दोन पिंपं अकराच्या मुहूर्ताआधी संपली.

एक गोष्ट काळजीनं सांगते. फळाची साखर ही साखरच असते. १०० ग्रॅम बेदाण्यात ती ६० ग्रॅमच्या आसपास असते. सांगितलेल्या मापात साधारण पाच पेले होतात, म्हणजे पेल्यामागे १२ ग्रॅम, तीन लहान चमचे. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्यांचा पेला बेदाण्याशिवाय, नुसत्या लिंबाचा आणि पुदिन्याचा करा. आणि ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी चहा जेवणाबरोबर न घेता तासाभरानं घ्यावा, कारण जेवणातलं लोह अंगी लागायला चहा आड येतो.

केलेला चहा झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. मावशीची कळशी तर संध्याकाळपर्यंतच रिकामी व्हायची.

बेदाणा आज रात्रीच भिजत घाला. नमस्कार.