एक लोकल वाढवायची म्हणजे काय काय वाढवायचे

मित्रहो, उपनगरी रेल्वेविषयी आपली मागणी बहुतेक वेळा दोन शब्दांत मांडली जाते : गाड्या वाढवा. बदलापूर, टिटवाळा किंवा नालासोपाऱ्याहून रोज दारात उभे राहून येणाऱ्या माणसाने ती याहून जास्त तपशिलात मांडावी, अशी अपेक्षा मी करणार नाही. मात्र सेवा दूरवर वाढवण्याच्या योजनांवर मत देणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात घेतले पाहिजे, की एका नव्या फेरीसाठी रेक (म्हणजे डबे जोडून तयार झालेली अख्खी गाडी), तो धावण्यासाठी रुळावरची मोकळी वेळ, तो रात्री उभा करण्याची जागा आणि त्याच्या दुरुस्तीसाठी लागणारे तास एकाच वेळी उपलब्ध असावे लागतात, आणि यांतील एक जरी कमी पडले तरी उरलेल्या तिहींवर केलेला खर्च पडून राहतो.

रेकपासून सुरुवात करू. मुंबई ते ठाणे हे अंतर ३४ किलोमीटर आहे. १८५३ च्या एप्रिलमध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी एवढीच धावली होती. आज धीमी लोकल हे अंतर साधारण तासाभरात कापते आणि दोन्ही टोकांना दिशा बदलून निघण्याचा वेळ धरला, तर तोच रेक सव्वादोन तासांनी पुढच्या फेरीला तयार होतो. कसारा मात्र १२१ किलोमीटरवर आहे. तिथे पोहोचायलाच अडीच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे पूर्ण फेरीला सव्वापाच तास. दर पंधरा मिनिटांनी एक गाडी सोडायची असे ठरवले, तर ठाण्यासाठी नऊ रेक पुरतात आणि कसाऱ्यासाठी एकवीस लागतात. त्यातही खरी अडचण गर्दीच्या वेळची आहे. संध्याकाळी सहाला कसाऱ्याकडे निघालेला रेक परत येईपर्यंत गर्दीची वेळ उलटून गेलेली असते. त्या संध्याकाळी त्याने गर्दीतली एकच फेरी केलेली असते, तर ठाण्याला गेलेला रेक सव्वाआठच्या सुमारास पुन्हा माणसे भरून घेत असतो. म्हणून चर्चगेटपासून १२४ किलोमीटरवर असलेल्या डहाणूपर्यंत किंवा कर्जत-कसाऱ्यापर्यंत सेवा नेताना, गाड्यांचा साठाही मोठ्या प्रमाणात वाढवावा लागतो.

रेक चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून येतात. ते आले की कारशेडचा प्रश्न उभा राहतो. मध्य रेल्वेवर कुर्ला, कळवा आणि सानपाडा, पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरार ही देखभालीची ठिकाणे आहेत. मोठ्या दुरुस्तीसाठी रेक माटुंगा आणि महालक्ष्मीच्या वर्कशॉपमध्ये जातो. पहाटेची पहिली गाडी दूरच्या टोकावरून सुटायची असेल, तर रेक रात्री तिथेच उभा हवा. तिथे जागा नसेल, तर तो रिकामा पाठवावा लागतो, आणि त्या रिकाम्या धावेलाही भरलेल्या गाडीइतकीच रुळावरची वेळ लागते.

विजेचा इतिहासही इथे आडवा आला होता. १९२५ मध्ये व्हीटी (आताचे सीएसएमटी) ते कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, धावली, आणि मुंबईची उपनगरी व्यवस्था पुढे त्याच दाबावर वाढली. विरारच्या उत्तरेला २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारा वीजप्रवाह, होता, त्यामुळे जुने रेक विरारच्या पुढे जाऊच शकत नव्हते. डीसीचे एसीत रूपांतर पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये पूर्ण झाले. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ मध्ये. या कामाची आठवण फार कमी जण काढतात, परंतु रेक एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेण्याची मोकळीक त्यानेच दिली, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले ते सर्वांत दूरगामी काम आहे.

बारा डब्यांऐवजी पंधरा डबे हा उपाय मला मनापासून पटतो, कारण त्यात वेळापत्रकातली एकही नवी जागा न घेता क्षमता चौथ्या हिश्श्याने वाढते. त्यासाठी फलाट लांबवावे लागतात, सिग्नल सरकवावे लागतात, कारशेडमधल्या मार्गिका वाढवाव्या लागतात. हे खर्चिक आहे, पण नवी मार्गिका टाकण्याहून खूपच सोपे आहे.

आता रुळावरच्या वेळेकडे येऊ. दोन गाड्यांत तीन मिनिटांचे अंतर धरले, तर एका मार्गिकेवर तासाला वीस गाड्या होतात. कागदावरचे हे वीस प्रत्यक्षात टिकत नाहीत. कल्याणला कसारा आणि कर्जत हे मार्ग फुटतात आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच यार्डातून जातात, म्हणून एका गाडीला रूळ ओलांडू देण्यासाठी दुसरी थांबते. दिवा स्थानकाजवळचे फाटक वाहनांसाठी उघडले की मागे गाड्यांची रांग लागते. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाल्याने लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे वेगळ्या झाल्या, तरी कुर्ल्याच्या दक्षिणेला या मार्गिका नसल्याने त्या पुन्हा लोकलच्याच वाटेवर येतात.

वेळापत्रक इतके भरलेले असले की नवी सेवा जुन्या सेवेची जागा घेते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी केलेल्या निदर्शनांमागे हेच कारण होते : साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आल्या होत्या. मध्य रेल्वेला अशा दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रवाशांचा राग वातानुकूलनावर नव्हता, त्यांची रोजची गाडी गेली होती.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर कसाऱ्याकडे जाणारी आणि मुंबईकडे येणारी अशा दोन लोकल शेजारून जात असताना दारातली माणसे रुळांवर पडली आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे देण्याचे जाहीर झाले. ही दारे आलीच पाहिजेत, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु भरलेल्या डब्याचे दार बंद व्हायला काही सेकंद जास्त लागतात, आणि जिथे थांबा अर्ध्या मिनिटाचाही नसतो तिथे प्रत्येक स्थानकावरचे दहा सेकंद वीस स्थानकांनंतर तीन मिनिटांहून अधिक होतात, म्हणजे एका गाडीची जागा त्यातच जाते. म्हणून दारांचा निर्णय आणि सिग्नल यंत्रणा सुधारून दोन गाड्यांतले अंतर कमी करण्याचा निर्णय एकत्र अमलात यायला हवेत. दारे आधी आली आणि सिग्नल मागे राहिले, तर फेऱ्या कमी होतील, डब्यांतली गर्दी वाढेल आणि दारे बंद करणेच अवघड होईल.

पनवेल–कर्जतचा उपनगरी मार्ग आणि विरार–डहाणू चौपदरीकरण हे हाती घेतलेले प्रकल्प आहेत. या दोन्हींबद्दल प्रवासी संघटनांनी उद्घाटनाच्या तारखेपेक्षा तीन गोष्टी लेखी मागाव्यात, अशी माझी विनंती आहे : पहिल्या दिवशी या मार्गासाठी किती रेक राखून ठेवलेले असतील, ते रात्री कुठे उभे राहतील, आणि मुंबईकडच्या टोकाला त्यांना फलाट कोणत्या गाडीच्या वेळेत मिळेल.